सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि सारिसेल्काचा बर्फ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून चौघं, म्हणजे तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस फिनलंडच्या लॅपलंडमध्ये जायचं आहे. स्की कुणालाच येत नाही, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, घर शाकाहारी पण अंडं चालतं. एका एजंटाने रोवानिएमीत दोन रात्री, लेवीत दोन, सारिसेल्कात दोन आणि शेवटी नॉर्वेतलं ट्रोम्सो असा आराखडा काढून दिलाय. आणि नॉर्दर्न लाइट्स दिसलेच पाहिजेत.

गेली बारा वर्षं मी दर हिवाळ्यात मराठी कुटुंबांचे छोटे गट घेऊन तिकडे जाते. एजंटाला माझं म्हणणं आवडणार नाही, पण सांगते. नाताळ सोडा, आणि चार गावंही सोडा. एकच गाव धरा, सहा रात्री तिथेच काढा, आणि मुलीच्या शाळेचं जमत असेल तर मार्चच्या मध्यानंतर जा.

आधी नाताळाचं. सारिसेल्का आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला रस्त्याने साधारण २५० किलोमीटरवर आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मावळलेला सूर्य तिथे पुन्हा दिसतो तो जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडल्यावर. या काळाला फिनिश भाषेत कामोस म्हणतात. चोवीस तास मिट्ट काळोख असतो असं मात्र समजू नका. सकाळी अकरा ते दुपारी दोनपर्यंत क्षितिजाखालून उजेड झिरपत राहतो, आणि सगळं गाव कपड्यांच्या निळीत बुचकळून काढल्यासारखं दिसतं. मला स्वतःला कामोस फार आवडतो. पण दुपारी तीन वाजता बाहेर रात्र बघून 'आता झोपायचं का?' असं विचारणारी मुलं आणि चौथ्या दिवशी उगाचच उदास होऊन बसलेल्या आज्या मी पुष्कळ पाहिल्यात. शिवाय डिसेंबरातला बर्फ बेताचा आणि भुसभुशीत असतो, स्कीचे सगळे उतार उघडलेले नसतात, आणि सांताक्लॉजला भेटायला युरोपभरातून विमानं भरभरून येतात. म्हणजे वर्षातले सर्वांत चढे दर मोजायचे आणि उजेड तीन तासांचा.

मार्चचा दुसरा पंधरवडा याच्या अगदी उलट. दिवस बारा तासांचा आणि रोज वाढता. बर्फाची जाडी हिवाळ्यातली सर्वांत जास्त असते ती मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला. दिवसा तापमान बहुतेक वेळा उणे दोन ते उणे दहा, रात्री उणे पंधरा-वीस. वारा नसेल तर उन्हात बाकावर बसून कॉफी पिता येते, आणि खुद्द फिनिश लोक नेमकं तेच करायला येतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत फिनलंडमधल्या शाळांना आळीपाळीने आठवड्याची 'स्कीची सुट्टी' असते. आधी दक्षिणेकडच्या शाळांना, मग मधल्या भागातल्या, शेवटी पूर्व आणि उत्तरेकडच्या. त्या तीन आठवड्यांत खोली मिळाली तरी स्कीचा शिक्षक मिळत नाही. त्यानंतर गाव निवांत होतं. ईस्टर कधी येतोय ते मात्र कॅलेंडरात बघून घ्या. मार्चअखेर येत असेल तर तो आठवडा टाळायचा.

मार्चमध्येही एक गोष्ट हातची जाते, तीही सांगून टाकते. फोटोंत दिसणारी ती बर्फाने लगडलेली, वाकून गेलेली झाडं बघायची तर जानेवारी-फेब्रुवारी. फांद्यांवर साचलेल्या त्या घट्ट बर्फाला तिकडे त्यिक्क्यू असा वेगळा शब्दच आहे, आणि मार्चच्या उन्हात तो गळून पडायला लागतो. त्यासाठी जानेवारीत जायचं ठरवलंत तर उणे तीसची तयारी ठेवा. फिनलंडमधलं आजवरचं नीचांकी तापमान, उणे ५१.५, नोंदवलं गेलं ते २८ जानेवारी १९९९ रोजी कित्तिला तालुक्यातल्या पोक्का गावात. तुमच्या यादीतलं लेवी त्याच तालुक्यात आहे.

आता गाव सारिसेल्काच का? लेवी मोठं आहे, तिथे त्रेचाळीस उतार आहेत. नोव्हेंबरात तिथे विश्वचषकाची स्लालम, म्हणजे खांबांमधून नागमोडी उतरायची, शर्यत होते आणि विजेत्याला बक्षीस म्हणून चक्क रेनडियर मिळतो, जो अर्थातच लॅपलंडमध्येच राहतो. ज्यांना स्की येतो त्यांनी लेवीला जावं, किंवा शेजारच्या ७१८ मीटर उंच युल्लासला. तुमच्यापैकी कुणालाच येत नाही. सारिसेल्का छोटं आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पायी वीस मिनिटांत जाता येतं. गाव संपतं तिथे उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. इवालो विमानतळ तीस किलोमीटरवर आणि सामी लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, इनारी सत्तर किलोमीटरवर. आणि वर कौनिस्पॅ टेकडीच्या माथ्यावरून गावापर्यंत १.२ किलोमीटरची घसरगुंडी आहे. ती एकटीच तुमच्या मुलीचे तीन दिवस खाईल.

ट्रोम्सो सुंदर आहे, पण समुद्रकाठचं. तिथे भर हिवाळ्यात पाऊस पडू शकतो, आणि सारिसेल्काहून रस्त्याने अख्खा दिवस जातो. आठ दिवसांत चार गावं म्हणजे दर दोन दिवसांनी ते जाडजूड कपडे बॅगेत कोंबायचे आणि पुन्हा काढायचे. सासूबाईंचं निम्मं प्रेक्षणीय स्थळ बसची खिडकी होईल.

जाताना हेलसिंकीहून इवालोचं विमान दीड तासाचं. दुसरा मार्ग रात्रीच्या रेल्वेचा: हेलसिंकी ते रोवानिएमी साधारण बारा तास, पुढे बसने चारेक तास. मुलीला रेल्वेतल्या झोपायच्या डब्याची मजा वाटेल, म्हणून मी जाताना रेल्वे आणि येताना विमान असं सुचवते. वाटेत रोवानिएमीत अर्धा दिवस थांबलात तर गावाबाहेर आठ किलोमीटरवरचं सांताचं गावही होऊन जाईल. आर्क्टिक वृत्ताची रेघ तिथेच आखलेली आहे. बाकी फिनिश लोकांच्या मते सांताचं खरं घर कोर्वातुंतुरी डोंगरात आहे, आणि तो डोंगर सारिसेल्कापासून सुरू होणाऱ्या राष्ट्रीय उद्यानाच्याच दुसऱ्या टोकाला, रशियाच्या सीमेवर येतो. मुलीला हे आधी सांगून ठेवा. एका आठ वर्षांच्या मुलाने हे ऐकल्यावर सहा दिवस खिडकीतून पूर्वेकडेच बघत काढले होते.

सामानाबद्दल एक. माझ्या दुसऱ्याच वर्षी आमच्या सात बॅगांपैकी पाच मधल्या विमानतळावरच राहिल्या, आणि आम्ही इवालोला उतरलो तेव्हा बाहेर उणे सव्वीस. एका काकांच्या अंगावर सुती शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. विमानतळाच्या दारापासून बसपर्यंतचं अंतर पन्नास पावलं असेल, पण काका त्याबद्दल अजून बोलतात. तेव्हापासून नियम केला: प्रत्येकाच्या हातातल्या बॅगेत लोकरीचा एक आतला जोड, टोपी, हातमोजे, लोकरीचे पायमोजे आणि औषधं. बूट पायातच.

आता कपडे. इथे तुमचे पैसे वाया जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून सविस्तर.

थंडीपेक्षा घाम जास्त छळतो. आपल्याकडून जाणारा माणूस पहिल्या दिवशी घाबरून पाच-सहा थर चढवतो, बर्फात दहा पावलं टाकली की घामाघूम होतो, आणि मग फोटोसाठी उभा राहिला की तोच घाम अंगावर गार पडतो. सुती कपडा ओला झाला की वाळत नाही, म्हणून अंगाला लागून सुती काहीही नको, गंजीफ्रॉकसुद्धा नको. आपल्याकडे दुकानात 'थर्मल' म्हणून मिळतं त्यात बरंच सुती असतं. आतली पट्टी वाचून घ्या. मेरिनो लोकरीचे दोन जोड माणशी पुरतात. लोकरीला वास धरत नाही, रात्री वाळत टाकला की झालं. त्यावर फ्लीस किंवा घरातला लोकरीचा स्वेटर. आजीने विणलेला असेल तर उत्तम. सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट आणि पँट. ही वरची जोडी विकत घेऊ नका. गावात स्कीच्या सामानाबरोबर भाड्याने मिळते, आणि हस्की कुत्र्यांच्या गाडीवरच्या किंवा स्नोमोबाइल या बर्फावरच्या मोटारीच्या सफरीत कंपनी अंगभर जाड सूट आणि बूट देतेच, बहुतेक ठिकाणी तिकिटातच. पुण्यात तीस हजारांचं जाकीट घेऊन नंतर ते कपाटात लटकवणारी चार घरं मला माहीत आहेत.

बुटांत सगळे चुकतात. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा हवा. आत बोटं हलली पाहिजेत, कारण पाय गरम राहतो तो बुटातल्या हवेमुळे. गेल्या वर्षी गटातल्या एक बाई 'माझे पाय बर्फ झाले' म्हणत दुपारीच परतल्या. बूट काढले तर आत तीन पायमोजे, एकावर एक, आणि बोटं पांढरी फटक. दोन मोजे काढायला लावले, एक जाड लोकरीचा ठेवला, बुटाची नाडी सैल केली. अर्ध्या तासात म्हणाल्या, 'अगं, हे आधी नाही का सांगायचं!' सांगितलं होतं, पण मुक्काम पुण्यात असताना अशी वाक्यं कानावरून जातात.

हातांना बोटं वेगळी असलेले मोजे नकोत. चारही बोटं एकत्र राहतील असे मिटन घ्या, आणि आत पातळ लोकरीचा मोजा, म्हणजे फोटो काढायला मिटन उतरवला तरी हात उघडा पडत नाही. तोंडाला पाणीदार लोशन लावून बाहेर पडू नका, व्हॅसलीनसारखं तेलकट काहीतरी लावा. मार्चमध्ये काळा चष्मा आणि सनस्क्रीन हवंच. ऊन वरून येतं तसंच खालून बर्फावरूनही येतं, आणि परत आल्यावर शेजारी 'गोव्याला गेला होतात का?' असं विचारतात. सासूबाई खोबरेल नेणारच. ते पंचवीस अंशांखालीच थिजतं, तेव्हा बाटली नको, रुंद तोंडाची डबी द्या. कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते गोठू द्यायचं नाही, सतत आतल्या खिशात. फोनही तिथेच, थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून सरळ बंद पडते. कॅमेरा आत आणताना बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि खोलीत तासभर तसाच ठेवा, नाहीतर भिंगावर आतून बाष्प धरतं.

एक गंमत. स्वच्छ, निवांत, कडक थंडीच्या दिवशी गावापेक्षा टेकडीचा माथा उबदार असतो. जड गार हवा दरीत उतरून बसते. इवालोत नदीकाठी उणे अठ्ठावीस असताना कौनिस्पॅच्या माथ्यावर उणे सोळा मी स्वतः पाहिलंय. म्हणून सकाळी थर्मामीटर बघून घाबरून खोलीत बसू नका, स्कीबस पकडून वर जा. वारा सुटलेल्या दिवशी मात्र हे गणित उलटं होतं.

आता स्की. उतारावरचा आणि सपाटीवरचा हे दोन वेगळे खेळ आहेत. मुलीला पहिल्याच दिवशी उतारावरच्या शाळेत घाला, सकाळी दीड तास, लागोपाठ तीन दिवस. नऊ हे वय उत्तम; गुरुत्वमध्य जमिनीजवळ आणि भीती कमी. शिक्षक इंग्रजीत शिकवतात, पण खरी भाषा हातवाऱ्यांची. पहिला धडा थांबण्याचा. स्कीची पुढची टोकं एकमेकांजवळ आणि मागची लांब, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार. जितका रुंद तुकडा तितका ब्रेक. दोन्ही स्की समांतर केल्या की सुटलात. मुलांना 'पिझ्झा' आणि 'फ्रेंच फ्राइज' या दोनच आरोळ्या कळतात, आणि तिसऱ्या दिवशी ती तुमच्या अंगावरून निघून जातात. मोठ्यांची चूक ठरलेली: वेग वाढला की मागे रेलायचं. मागे रेललं की स्कीवरचा ताबा जातो. भीती वाटते तेव्हाच नडगी बुटाच्या जिभेवर टेकवून पुढे झुकायचं असतं, आणि शरीर नेमकं तेच करायला नकार देतं. पडायचंच असेल तर कडेला, मांडीवर पडा, हात पुढे टेकू नका. मनगटं अशीच मोडतात. हेल्मेट सगळ्यांना.

तुम्ही दोघांनी मात्र सपाटीवरचा स्की करा असं माझं मत. सारिसेल्काच्या आसपास दोनशेच्या वर किलोमीटर वाटा यंत्राने दाबून तयार केलेल्या असतात. बर्फात दोन समांतर खोबणी, त्यांत स्की ठेवायचे आणि चालल्यासारखं घसरायचं. बूट हलका, टाच मोकळी. पहिल्या तासात दहा वेळा पडाल, दुसऱ्या तासात झाडांमधून चार किलोमीटर जाऊन याल. वाटेत लाकडी निवारे असतात, बाजूला सरपण रचलेलं. शेकोटी पेटवून थर्मासमधला चहा प्यायचा. तिथे भेटलेला सत्तरीचा फिनिश माणूस तुमच्याशी चार वाक्यं बोलला तर तो बडबड्या आहे असं समजा.

इथे हात जोडून एक विनंती: त्या खोबणीवरून चालू नका. आपली माणसं 'वा, काय छान सपाट रस्ता' म्हणत सरळ त्यावरून फोटो काढत जातात. बुटाच्या एका ठशाने खोबण तुटते आणि मागून येणाऱ्याचा स्की अडकून तो तोंडावर पडतो. फिनिश माणूस रागावत नाही म्हणतात. या एका कारणावरून मी त्यांना रागावलेलं पाहिलंय, आणि शरमेने मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली होती. पायी चालणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या आखलेल्या असतात, त्यावर माणसाचं चित्र असतं.

सासूबाईंसाठी पोत्कुरी. लांब पोलादी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची, मागे धरायला दांडा. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने मागच्या पट्टीवर एक पाय ठेवून दुसऱ्या पायाने बर्फ मागे ढकलायचा, लहान मुलं स्कूटर चालवतात तसं. फिनिश म्हाताऱ्या हिच्यावर पिशव्या ठेवून बाजारहाट करतात. मागच्या मार्चमध्ये बहात्तर वर्षांच्या एक आजी आमच्याबरोबर होत्या, साताऱ्याकडच्या. पहिल्या दिवशी नातवाने त्यांना ढकललं. तिसऱ्या दिवशी नातू खुर्चीत आणि आजी मागे, नऊवारीवर भाड्याचा जाड सूट चढवून. दुकानाच्या उतारावर त्यांनी पाय उचलून घेतला, पोत्कुरी सुटली, नातू ओरडतोय आणि आजी 'सर की रे बाजूला' म्हणून समोरच्या फिनिश जोडप्याला दटावतायत. जोडपं सरलं.

गुडघ्यांना धोका बर्फाचा नाही, काचेसारख्या गोठलेल्या पाण्याचा आहे, आणि तो हॉटेलच्या दारातच असतो. बुटाला बाहेरून चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे पहिल्याच दिवशी गावातल्या दुकानातून घ्या. पावलं छोटी, बदकासारखी. हात खिशात नकोत.

हस्कीची सफर एकदा करा, दोन तासांची पुरे. माणशी शंभर ते दोनशे युरो पडतात. निघायच्या आधी कुत्री इतकी भुंकतात, उड्या मारतात, की मुलं घाबरतात. गाडी सुटली की क्षणात सगळी चूप, फक्त पट्ट्यांची बर्फावरची सरसर. मागे उभं राहून चालवायचं असेल तर एकच नियम: काहीही झालं, पडलात तरी, दांडा सोडायचा नाही, कारण कुत्री तुमच्यासाठी थांबत नाहीत. स्नोमोबाइल चालवायला वाहन परवाना लागतो, आणि अपघात झाला तर नुकसानीची पहिली मोठी रक्कम चालवणाऱ्याच्या डोक्यावर असते. सही करण्याआधी तो आकडा विचारा. मला स्वतःला त्याचा आवाज आणि पेट्रोलचा वास त्या शांततेत नकोसा होतो, पण हे माझं झालं.

रेनडियरबद्दल थोडं. तिथे रानात भटकताना दिसणारा प्रत्येक रेनडियर कुणाच्या ना कुणाच्या मालकीचा असतो; कानाला कापून केलेल्या खुणेवरून मालक ओळखतात. पाळणाऱ्याला 'तुमच्याकडे किती आहेत?' असं विचारू नका, ते बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं होतं. फिनलंडमध्ये रेनडियर पाळणारे सगळेच सामी नसतात, आणि हस्की किंवा इग्लू तर सामी परंपरेतले नव्हेतच. कुणी भाड्याचा रंगीत पोशाख चढवून तुम्हाला 'लॅपलंडचा विधी' दाखवत असेल तर पैसे वाचवा आणि एक दिवस बसने इनारीला जा. तिथलं सीदा हे सामी संग्रहालय २०२४ मध्ये युरोपातलं वर्षातलं सर्वोत्तम संग्रहालय ठरलं. फिनलंडमध्ये तीन सामी भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी इनारी सामी बोलणारे काहीशेच उरलेत, आणि पाळणाघरांतून मुलांना ती पुन्हा शिकवली जातेय. मुलीला मराठी वाचायचा कंटाळा असेल तर तिला तिथे जरूर न्या.

जेवणाची चिंता नको. बंगली घ्या, हॉटेल नको; तिला मोक्की म्हणतात, स्वयंपाकघर, शेगडी, ओले कपडे वाळवायचं कपाट आणि सौना, म्हणजे गरम वाफेची खोली, सगळं आत असतं. नळाचं पाणी थेट प्या. तांदूळ, डाळ, पोहे, मसाले, भाजणी न्या. पण घरचं तूप, पेढे, खवा नको: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशाला नेता येत नाही. ताजा कढीपत्ता आणि भाज्याही नकोत. तूप नाही म्हटल्यावर सासूबाई नाराज होतील. तिथलं लोणी उत्तम असतं, पहिल्या संध्याकाळी कढवून टाका. दुकानात लेइपायुस्तो नावाचं भाजलेलं चीज मिळतं, दाताखाली चुकचुक आवाज करतं, आपल्या पनीरचं चुलतभावंड. ते गरम करून वर क्लाउडबेरीचा केशरी मुरंबा घालून खा. कारेलियन पिराक्का म्हणजे राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भाताची खीर भरून भाजलेली. वर उकडलेलं अंडं कालवलेलं लोणी. तुमच्यात अंडं चालतं हे त्या पिराक्क्याचं नशीब.

सौना टाळू नका. २०२० मध्ये युनेस्कोने फिनिश सौना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण तिथल्या माणसाला तो वारसा वगैरे वाटत नाही, आपल्या रोजच्या आंघोळीइतकाच साधा मामला. लोक विवस्त्र बसतात, बायका-पुरुष वेगवेगळे. मोक्कीतला सौना तुमचाच, टॉवेल गुंडाळून बसा. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की वाफेची लाट येते, तिला लोय्ल्यू म्हणतात. खालच्या बाकावर बसून सुरुवात करा. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना आधी विचारा.

आणि अरोरा, म्हणजे तुमचे नॉर्दर्न लाइट्स. 'दिसलाच पाहिजे' याची हमी जो देईल त्याला पैसे देऊ नका. एवढ्या उत्तरेला अरोरा व्हायला फार मोठं सौरवादळ लागत नाही. केपी निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा शून्य ते नऊचा आकडा, एक-दोन असला तरी दिसतो. खरा शत्रू ढग. म्हणून तर एका जागी सहा रात्री म्हणतेय: सहांपैकी दोन-तीन रात्री आभाळ मोकळं मिळण्याची शक्यता चांगली असते, दर गावी दोनच रात्री असतील तर संधी हुकते. विषुवाच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरात, पृथ्वीच्या आणि सूर्याकडून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्रांची मांडणी अशी जुळते की अरोराची हालचाल सरासरीने वाढते. हाही मार्चचा फायदा. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, मग पुरता काळोख व्हायला रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा मुलीला दुपारी झोपवा. आधी ती फिकट राखाडी ढगासारखी पट्टी दिसते. फोन स्थिर धरून रात्रीचा फोटो काढा; हिरवी आली तर तोच. मग कधी पंधरा मिनिटं काही होत नाही, आणि अचानक पडद्याला खालून कुणी झटका द्यावा तसं सगळं आभाळ हलतं. फिनिशमध्ये त्याला रेवोनतुलेत म्हणतात, म्हणजे कोल्ह्याच्या ज्वाळा. शेपटीने बर्फ उडवत धावणाऱ्या कोल्ह्याच्या ठिणग्या. काचेच्या इग्लूवर पैसे उधळायचेच असतील तर एकच रात्र, आणि हवामानाचा अंदाज बघून.

कागदपत्रांचं पटकन: शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, तुमच्या मुलीला निम्मी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण पॉलिसीत हिवाळी खेळांचा समावेश आहे का ते वाचा, बऱ्याच स्वस्त पॉलिसींत तो नसतो. मोठं रुग्णालय २६० किलोमीटरवर रोवानिएमीत आहे, म्हणून हे वाक्य दोनदा वाचा. आपत्कालीन क्रमांक ११२. गाडी भाड्याने घेऊ नका. गोठलेल्या रस्त्यावर मध्येच रेनडियर उभे राहतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत.

मुलीची परीक्षा कधी संपते ते कळलं की तारखा धरा, आधी मोक्की आणि स्कीचा शिक्षक, मग विमान. आणि पोत्कुरी मोक्कीच्या मालकाकडे आत्ताच मागून ठेवा, दोन मागा. एक सासूबाई परत देणार नाहीत.